हप्ता कुठल्या पैशातून येतो? सहकारी बँकेची कर्जं वेगवेगळ्या क्षेत्रांत विभागण्याची पद्धत

नागरी सहकारी बँकेच्या वार्षिक अहवालात एक तक्ता हमखास असतो: शेतीला इतके टक्के, व्यापाराला इतके, लघुउद्योगाला इतके, गृहकर्जाला इतके. संचालक मंडळाच्या सभेत त्यावर नजर फिरते, ‘विभागणी चांगली आहे’ असं म्हटलं जातं आणि पान उलटतं. ऊसपट्ट्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बँकेच्या कर्ज विभागात बावीस वर्षं काढली. त्यातली बरीच वर्षं माझाही त्या तक्त्यावर भरवसा होता.

एका हंगामात तो उडाला. डिसेंबरात तुटून साखर कारखान्याला गेलेल्या उसाचं बिल मार्च उजाडला तरी शेतकऱ्याच्या खात्यावर आलं नव्हतं. थकबाकीच्या यादीत आधी आले ऊस वाहतुकीचे ट्रॅक्टर. त्याचं नवल वाटलं नाही. एप्रिलमध्ये खत-औषधाच्या एका दुकानाचं कॅश क्रेडिट खातं (ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसे पैसे काढायचे आणि भरायचे, असं कर्जखातं) मर्यादेला जाऊन चिकटलं आणि तिथेच बसलं. जमा काहीच नाही. दुकानदार उधारीची वही घेऊन माझ्यासमोर बसला. पानामागून पान नावं, आणि प्रत्येक नावापुढे पेन्सिलीने एकच शब्द: ‘बिल’. म्हणजे उसाचं बिल आलं की देतो. मेमध्ये कापडदुकान आणि मंगल कार्यालय अडकलं, जूनमध्ये कारखान्यातल्या एका फिटरचं गृहकर्ज. त्याचा चार महिने पगारच झाला नव्हता. तक्त्यात ही कर्जं वेगवेगळ्या रकान्यांत होती. प्रत्यक्षात सगळी एकाच दोरीला बांधलेली होती.

कर्ज कशासाठी दिलं हे तक्ता सांगतो. ते कुठल्या पैशातून फिटणार हे सांगत नाही, आणि जोखीम तर त्या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात असते. पुढची सगळी पद्धत या एका प्रश्नाभोवती बांधलेली आहे. लहान-मध्यम नागरी बँकेतले कर्ज अधिकारी, शाखाधिकारी आणि कर्ज समितीवरचे संचालक यांच्यासाठी ती लिहितो आहे. मोठ्या पतसंस्थेलाही ती लागू पडेल.

नियम काय रोखतात आणि काय रोखत नाहीत

कर्जं एकवटण्याचे दोन प्रकार असतात: एका नावाकडे आणि एका क्षेत्राकडे. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेत सप्टेंबर २०१९ मध्ये जे उघडकीला आलं ते पहिल्या प्रकारातलं. सुमारे ८,८८० कोटींच्या कर्जांपैकी सुमारे ६,५०० कोटी एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहाकडे होते आणि ते लपवण्यासाठी हजारो बनावट खाती दाखवली गेली होती. रिझर्व्ह बँकेने निर्बंध लावले तेव्हा सुरुवातीला ठेवीदाराला फक्त १,००० रुपये काढता येत होते. आयुष्यभराची पुंजी आत आणि माणूस बाहेर, ही वेळ ठेवीदारावर आपल्या हातून येऊ नये, यासाठीच हा सगळा खटाटोप आहे.

त्यानंतर मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने नागरी बँकांसाठी मर्यादा बदलल्या. आधी भांडवली निधीच्या १५ टक्के एका कर्जदाराला आणि ४० टक्के एका समूहाला देता येत. आता टिअर-१ भांडवलाच्या (मुख्यतः भागभांडवल आणि राखीव निधी) १५ टक्के एका कर्जदाराला, २५ टक्के परस्परसंबंधित समूहाला. शिवाय एकूण कर्जांपैकी किमान निम्मी लहान रकमेची हवीत. लहान म्हणजे किती, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये सुधारलं गेलं: २५ लाख रुपये किंवा टिअर-१ भांडवलाच्या ०.४ टक्के, यांतलं जे जास्त ते, पण कमाल ३ कोटी.

हे नियम पाळलेच पाहिजेत. पण त्यांचा रोख मुख्यतः नावाकडे आहे. दोन हजार कर्जदार, एकही कर्ज २५ लाखांच्या वर नाही, आणि त्यातल्या निम्म्यांचा हप्ता एकाच साखर कारखान्याच्या बिलातून येतो, अशी बँक या दोन्ही कसोट्यांवर निर्दोष ठरेल. दुसरा प्रकार, म्हणजे एका क्षेत्राकडे एकवटणं, रोखण्याचं काम बँकेला स्वतःच करावं लागतं.

पायरी पहिली: प्रत्येक कर्जापुढे पैशाचा उगम लिहा

सीबीएसमध्ये (बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत) क्षेत्राचा कोड असतो, पण तो खातं उघडताना घाईत टाकलेला असतो. आमच्याकडे शंभरावर खाती नुसत्या ‘इतर’मध्ये पडून होती. म्हणून कोडवर विसंबू नका. कर्जांची यादी एक्सेलमध्ये उतरवून घ्या, बाकी रकमेनुसार उतरत्या क्रमाने लावा आणि एक नवा रकाना करा: ‘उगम’. वरची दोनशे-तीनशे खाती बहुधा रकमेचा मोठा भाग व्यापतात. ती एक-एक फाइल काढून हाताने भरा. खालच्या लहान खात्यांसाठी शाखाधिकाऱ्याला बसवा. त्याला कर्जदाराची पंचक्रोशी माहीत असते.

उगम लिहिताना एक पाऊल मागे जायचं. ट्रॅक्टरचं कर्ज आहे, पण ट्रॅक्टर ओढतो काय? ऊस. मग उगम ‘वाहतूक’ नव्हे, ‘ऊस’. हार्डवेअरचं दुकान आहे, तर गिऱ्हाईक कोण? शेतकरी असेल तर ऊस. गावाबाहेरच्या एमआयडीसीतले कारखाने असतील तर उद्योग. शंका आली तर खात्याचे बारा महिन्यांचे जमा व्यवहार काढा. ज्या खात्यावर नोव्हेंबर ते एप्रिल भरभरून जमा येतं आणि पावसाळ्यात शुकशुकाट असतो, त्याचा उगम त्याने तोंडाने सांगायची गरज उरत नाही.

गावागावाचा उगम वेगळा. इचलकरंजी, भिवंडी, मालेगावला यंत्रमाग: सूत व्यापारी, सायझिंगवाले (सुताला खळ लावणारे), वहिफणी करणारे (मागावर ताणा जोडणारे), मागाचे सुटे भाग विकणारे, खोल्या भाड्याने देणारे, सगळे त्याच धाग्यावर. चाकण-पिंपरीकडे वाहन उद्योग. गोव्यात लोहखनिजाच्या खाणी २०१२ मध्ये थांबल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या, तेव्हा ट्रकमालक, बार्जमालक, गॅरेजवाले, खाणपट्ट्यातले हॉटेलवाले एकाच वेळी कर्जात अडकले. कर्जाच्या नोंदवहीत त्यांचे रकाने वेगवेगळे असले, तरी खाण सगळ्यांची एकच.

थोडं अजून मागे गेलात तर आणखी एक गोष्ट दिसेल. डिसेंबर २०२३ च्या एकाच आठवड्यात केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल बनवण्यावर निर्बंध आणले आणि कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. ऊस आणि कांदा ही दोन वेगळी पिकं, दोन वेगळे पट्टे. पण बाजारभाव आटोक्यात ठेवण्याचं धोरण दोघांवर सारखंच येऊन आदळलं. म्हणून उगमाच्या रकान्याशेजारी मी आणखी एक लहान रकाना ठेवतो: ‘कशाने थांबेल’. पाऊस, सरकारी धोरण, एकच खरेदीदार, व्याजदर, परदेशी मागणी. एवढे पाच शब्द पुरतात.

पायरी दुसरी: जामीनदार, तारण आणि जागा यांचे धागे ओढा

सहकारी बँकेत ही पायरी सगळ्यात जास्त डोळे उघडते, आणि नेमकी हीच कोणी करत नाही.

जामीनदारांची यादी वेगळी काढा आणि नावानुसार लावा. आमच्या यादीत एकाच गृहस्थांची सही सतरा कर्जांवर निघाली. सज्जन माणूस, गावात शब्दाला मान, कोणाला नाही म्हणणं त्यांना जमायचं नाही. त्यांचं स्वतःचं उत्पन्न सहा एकर उसाचं. ज्या वर्षी कर्जदाराचं बिल अडकेल त्या वर्षी जामीनदाराचंही अडकणार, मग ती सही कर्जाला कसला आधार देणार? अ ने ब ला आणि ब ने अ ला जामीन राहणं तर गावोगाव चालतं. यावर एक साधा नियम पुष्कळ काम करतो: दोन जामीनदारांपैकी किमान एकाचा उगम कर्जदाराहून वेगळा हवा. ऊस उत्पादकाला एक शिक्षक, यंत्रमागवाल्याला एक औषधविक्रेता. या नियमाला एक रुपया खर्च येत नाही आणि तो पुढच्या कर्ज समितीपासून लागू करता येतो.

कारखान्याचं हमीपत्र हा दुसरा धागा. ऊस वाहतूकदाराला कर्ज देताना ‘बिलातून हप्ता कापून देऊ’ असं पत्र कारखाना देतो आणि आपण निर्धास्त होतो. खरं तर त्या क्षणी शंभर वाहतूकदारांची जोखीम एका कारखान्यात गोळा झालेली असते. शिवाय वाहतूकदाराने ऊसतोडीच्या मुकादमाला दिलेली उचल (आगाऊ रक्कम) बुडाली, तोडणी मजुरांची टोळी आलीच नाही, तर कापायला बिलच नसतं. ही सगळी कर्जं कारखान्याच्या नावाने एकत्र बेरजेत धरा, मग ती समूह-मर्यादेत बसत असोत वा नसोत.

तारण आणि जागा एकत्रच पाहा. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुराने सांगली-कोल्हापुरात दुकानं आणि गोदामं पाण्याखाली गेली, आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं. त्याच वेळी चिपळूणची बाजारपेठ बुडाली. किराणा, औषधं, कापड, इलेक्ट्रॉनिक्स असा सगळा वेगवेगळ्या धंद्यांचा माल एकाच पाण्यात भिजला. म्हणून गावाच्या नकाशावर पूररेषा काढा आणि तिच्या आतली कर्जं व तारणं रंगवा. पाच मिनिटांत संचालकांना जे कळतं ते दहा पानी टिपणीने कळत नाही.

पायरी तिसरी: मोजा

हिशेबासाठी एक काल्पनिक बँक घेऊ. ठेवी सुमारे ६०० कोटी, कर्जं ४०० कोटी. अहवालातला तक्ता असा:

व्यापार ९६ कोटी (२४ टक्के)
लघुउद्योग ६४ (१६)
शेती व पूरक ६० (१५)
गृहकर्ज ५६ (१४)
वाहतूक ५२ (१३)
सोनेतारण ४० (१०)
वैयक्तिक ३२ (८)

एकवटलेपण मोजायला हर्फिंडाल निर्देशांक पुरतो. प्रत्येक टक्केवारीचा वर्ग करायचा आणि बेरीज घ्यायची. इथे ५७६ + २५६ + २२५ + १९६ + १६९ + १०० + ६४ = १,५८६. आता १०,००० ला या आकड्याने भागा: ६.३. म्हणजे कर्जं जणू सव्वासहा सारख्या क्षेत्रांत वाटलेली आहेत. रकाने सात, उत्तर सहाच्या वर. शाबासकी द्यावी असा आकडा.

आता हीच ४०० कोटी उगमानुसार लावा. शेतीतले ४८, वाहतुकीतले ४४, व्यापारातले ५६, लघुउद्योगातले २०, गृहकर्जातले १६ आणि वैयक्तिकमधले ८ कोटी ऊस-साखरेवर उभे आहेत असं निघालं. बेरीज १९२ कोटी, म्हणजे ४८ टक्के. उरलेल्यांत नोकरदारांचा पगार १६ टक्के, साखरेशी संबंध नसलेला उद्योग ११, सोनं १०, गावातला रोजचा व्यापार १०, दूध-भाजीपाला ३, इतर वाहतूक २. वर्गांची बेरीज २,८९४, भागाकार ३.५.

बँक तीच, कर्जदार तेच, पण सहा क्षेत्रांची विभागणी साडेतीनवर आली. हे दोन आकडे शेजारी-शेजारी लिहून संचालक मंडळापुढे ठेवा.

पायरी चौथी: तो पैसा थांबला तर काय, याचा हिशेब

ऊस (नियंत्रण) आदेश, १९६६ प्रमाणे ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. कागदावर शेतकरी सुरक्षित आहे. पण साखरेचा किमान विक्रीदर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरला आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच राहिला, एफआरपी (उसाला द्यायचा सरकारने ठरवलेला किमान दर) मात्र वाढत गेली. मधली फट कारखान्याने कर्ज काढून भरायची आणि ते मिळालं नाही की बिल लांबायचं. म्हणून ‘बिल एक हंगाम लांबलं’ ही कल्पना काही टोकाची नव्हे. ती दर चार-पाच वर्षांनी घडू शकते असं धरूनच चाला.

आपल्या बँकेचं भांडवल ४२ कोटी, सगळं टिअर-१ धरू. जोखीमभारित मालमत्ता, म्हणजे प्रत्येक कर्ज-गुंतवणूक तिच्या जोखमीच्या वजनाने मोजून केलेली बेरीज, ३०० कोटी. भांडवल पर्याप्तता, म्हणजे भांडवलाचं या मालमत्तेशी प्रमाण, १४ टक्के. आता ऊस-साखरेच्या १९२ कोटींपैकी २० टक्के कर्जं एनपीए (नव्वद दिवसांहून जास्त थकलेली) झाली: ३८.४ कोटी. जामीन, तारण, सहकार कायद्याच्या कलम १०१ खालची वसुली, सरफेसी कायद्याने तारणाचा ताबा, सगळं करून शेवटी त्यातलं ४० टक्के वसूल झालंच नाही: १५.३६ कोटी. भांडवल उरलं २६.६४ कोटी आणि पर्याप्तता सुमारे ९.४ टक्के (बुडालेली रक्कम मालमत्तेतूनही वजा धरून). १०० ते १,००० कोटी ठेवी असलेल्या नागरी बँकेला ३१ मार्च २०२६ पर्यंत १२ टक्के गाठायचे होते. म्हणजे एका लांबलेल्या हंगामाने ही बँक निर्बंधांच्या दारात उभी राहते.

इथे एक फसवी गोष्ट आहे. एनपीएच्या पहिल्या वर्षी तरतूद साधारण १० टक्केच लागते, म्हणजे ३.८४ कोटी. ताळेबंद हादरत नाही, लाभांशही देता येतो असं वाटतं. खरा फटका दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येतो, जेव्हा कर्जं संशयित वर्गात जातात आणि तरतुदीचे टक्के वाढत जातात. ताणाचा हिशेब शेवटच्या नुकसानीवर करा, पहिल्या वर्षाच्या तरतुदीवर नाही.

२० आणि ४० हे आकडे मी उदाहरणासाठी घेतले. तुम्ही स्वतःच्या बँकेची मागच्या दहा वर्षांची वसुली काढा. सगळ्यात वाईट वर्षात प्रत्येक उगमातली किती कर्जं थकली आणि शेवटी किती बुडाली, हे तुमच्याच दप्तरात आहे.

पायरी पाचवी: मर्यादा भांडवलावरून ठरवा

बहुतेक धोरणांत ‘कोणत्याही क्षेत्राला २५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही’ असं गोल वाक्य असतं. सगळ्या क्षेत्रांना एकच टक्का लावणं चूक आहे, कारण सगळी क्षेत्रं सारखी बुडत नाहीत. त्याऐवजी मंडळाने एकच प्रश्न सोडवावा: एका उगमावर वाईट वर्ष आलं तर भांडवलाचा किती भाग आपण गमवायला तयार आहोत?

समजा उत्तर २० टक्के. ४२ कोटींचे २० टक्के म्हणजे ८.४ कोटी. ऊस-साखरेचं वाईट वर्षातलं नुकसान २० टक्क्यांचे ४० टक्के, म्हणजे शंभराला ८. मग मर्यादा ८.४ भागिले ०.०८, बरोबर १०५ कोटी, म्हणजे आजच्या कर्जांच्या सुमारे २६ टक्के. आपण १९२ वर आहोत. पगारदारांचं नुकसान शंभराला २ असेल तर याच हिशेबाने त्यांची मर्यादा ४२० कोटी येते, म्हणजे तिथे हा नियम आड येत नाही. तिथे एकाच कंपनीचे किती नोकरदार आहेत हे पाहायचं.

मर्यादेच्या ८० टक्क्यांवर एक इशारापातळी ठेवा. ती ओलांडली की त्या उगमातलं पाच लाखांवरचं प्रत्येक नवं कर्ज मुख्य कार्यालयाकडे यावं. मर्यादा ओलांडायचीच असेल तर मंडळाच्या ठरावाने, कारण लिहून, मुदत घालून.

पायरी सहावी: जुनी कर्जं तोडू नका, नवी वळवा

हे सांगितलं की संचालकांच्या चेहऱ्यावर काळजी दिसते: ‘म्हणजे आपल्या शेतकऱ्याला कर्ज द्यायचं बंद करायचं?’ त्यांची काळजी खरी आहे. ज्या सभासदांच्या शेअर्सवर बँक उभी राहिली त्यांना दार बंद करणं योग्य नाही, आणि त्याची गरजही नाही.

१९२ कोटींपैकी दरवर्षी चौथा हिस्सा परत येतो असं धरा. नवी ऊस-कर्जं वर्षाला ३० कोटींपुरती ठेवा. पहिल्या वर्षाअखेर १७४ कोटी, दुसऱ्या १६०, तिसऱ्या १५०, चौथ्या १४३. एकूण कर्जं वर्षाला साडेसात टक्क्यांनी वाढली तर चार वर्षांनी ५३४ कोटी होतात. हिस्सा ४८ वरून २७ टक्क्यांवर येतो. या काळात भांडवलही नफ्यातून वाढतं, म्हणजे मर्यादा स्वतःच थोडी वर सरकते. दरवर्षी ३० कोटी ऊस उत्पादकालाच मिळतात, कोणाचीही मर्यादा मध्येच कापली जात नाही.

पण या गणितात एक अवघड जागा आहे, ती लपवू नये. बाकीची कर्जं २०८ वरून ३९१ कोटींवर न्यावी लागतात, म्हणजे दरवर्षी १७ टक्के वाढ. ऊस ओळखणारी माणसं तुमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बाकीचं ओळखणारी इतक्या वेगाने कुठून आणणार? हा वेग झेपत नसेल तर एकूण कर्जवाढ कमी ठेवा, ठेवींचा जादा पैसा सरकारी रोख्यांत राहू द्या आणि चारऐवजी सहा वर्षं घ्या. दोन वर्षं नफा थोडा कमी दिसेल. मला विचाराल तर मी सहाच घेईन.

नूतनीकरणाची वेळ ही वळवण्याची सगळ्यात सोपी जागा. कॅश क्रेडिट दरवर्षी समितीपुढे येतंच. तेव्हा मर्यादा न वाढवणं, जामीनदार बदलायला सांगणं, ऊस कर्जाचा हप्ता मासिक न ठेवता बिलाच्या हप्त्यांशी जोडणं, हे सगळं कोणाला न दुखावता होतं.

पायरी सातवी: नव्या क्षेत्रात शिरताना

विभागणीच्या नावाखाली अनोळखी धंद्यात उडी मारणं हे एकवटण्याइतकंच घातक. अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल को-ऑपरेटिव्ह बँक २००१ मध्ये कोसळली ती शेअर दलालांना दिलेल्या कर्जांमुळे. सहकारी बँकेला ज्या बाजाराची नाडी कळत नव्हती तिथे तिचा पैसा गेला होता.

क्षेत्र निवडताना पैशाचं घड्याळ बघा. उसाचा पैसा वर्षातून तीन-चार वेळा येतो, दुधाचा दर दहा दिवसांनी, पगार महिन्याला, औषध दुकानाचा रोज. वेगवेगळी घड्याळं एकत्र असतील तर बँकेकडे बाराही महिने वसुली वाहती राहते. मात्र दूधसंस्था त्याच साखर कारखान्याच्या परिवारातली असेल, किंवा पगार त्याच कारखान्याचा असेल, तर घड्याळ वेगळं दिसून उपयोग नाही. पहिली पायरी इथे परत लागते.

पहिल्या अठरा महिन्यांत नव्या क्षेत्राला एकूण कर्जांच्या दोन टक्क्यांपुढे जाऊ देऊ नका. आपल्या बँकेत ते आठ कोटी. एक मोठा रुग्णालय प्रकल्प घेण्याऐवजी वीस दवाखान्यांची यंत्रसामग्री घ्या. त्या धंद्यातला एक निवृत्त जाणकार मानधनावर बोलवा. फाउंड्रीच्या कर्जाला कोल्हापूरचा एखादा जुना फोरमन भट्टी बघून जे सांगेल ते प्रकल्प अहवाल सांगत नाही. पहिले पन्नास कर्जदार एक पूर्ण वर्ष, सुगी आणि मंदी दोन्ही, पाहून झाल्यावरच हात सैल करा.

मोठं कर्ज आलंच आणि क्षेत्र हवं असेल तर शेजारच्या तालुक्यातल्या बँकेबरोबर सहभागात घ्या. त्यांच्याकडे द्राक्ष-बेदाणा जास्त असेल, तुमच्याकडे ऊस. दोघांची गरज भागते आणि एकाच फाइलवर चार जास्तीचे डोळे फिरतात.

पायरी आठवी: दर महिन्याचं एक पान

संचालक मंडळाला वीस पानी अहवाल देऊ नका, एक पान द्या. त्यावर प्रत्येक उगमाची बाकी, मर्यादा, ३० आणि ६० दिवसांची थकबाकी, आणि शेवटी ‘बाहेर काय चाललंय’ हा रकाना. एनपीए नव्वद दिवसांनी कळतो. या शेवटच्या रकान्यात ते तीन-चार महिने आधी दिसतं. ऊसपट्ट्यात असाल तर साखर आयुक्तालयाचे एफआरपी थकबाकीचे आकडे, तालुक्यातल्या कारखान्याचं गाळप कधी सुरू झालं, टोळ्या आल्या का. यंत्रमागाच्या गावात सुताचा दर आणि किती पाळ्या चालू आहेत. सोबत त्या उगमातल्या दहा कॅश क्रेडिट खात्यांची या महिन्याची जमा, मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी ताडून. जमा तिसऱ्या हिश्शाने घटली की शाखाधिकाऱ्याने फोन न करता दुकानात जावं. गोदामात किती पोती आहेत, किती धूळ बसली आहे, हे स्टॉक स्टेटमेंटमध्ये येत नाही.

हे सगळं उभं करायला आमच्या सारख्या आकाराच्या बँकेत तीन माणसं आणि आठ आठवडे लागतात: चार आठवडे उगम भरायला, दोन जामीनदार आणि तारणाच्या याद्यांना, एक हिशेबाला, एक मंडळापुढे मांडायला. पहिल्या दिवशी मात्र फक्त एक काम करा. कर्ज मागणी अर्जाच्या शिफारस पानावर, शाखाधिकाऱ्याच्या सहीच्या वर, दोन ओळी छापून घ्या: ‘हप्ता कुठल्या पैशातून येणार’ आणि ‘तो पैसा सहा महिने थांबला तर दुसरा कुठला’. दुसरी ओळ कोरी असलेला अर्ज समितीपुढे घ्यायचा नाही.